नोकरदारांतील हृदयविकार : भार कसा मोजावा, मोल कसे ठरवावे

गावात उत्तम हृदयरोगतज्ज्ञ असताना बालरोगतज्ज्ञाने हृदयविकारावर लेख लिहावा, याचे स्मरणिकेच्या वाचकांना थोडे नवल वाटेल. परंतु प्रस्तुत लेख निदानाविषयी अथवा उपचारांविषयी नाही. तो मोजणीविषयी आहे, आणि मोजणी हा आम्हा बालरोगतज्ज्ञांचा नित्याचा परिपाठ आहे. मूल तपासायला आले की प्रथम वजनकाटा शून्यावर आहे ना हे पाहावयाचे, मग वजन, उंची, डोक्याचा घेर घ्यावयाचा आणि आलेला आकडा वाढीच्या तक्त्यावर मांडावयाचा. एकटा आकडा काही सांगत नाही. तो कोणत्या वयाच्या, कोणत्या मुलांच्या तुलनेत आहे हे कळले की बोलू लागतो.

पल्स पोलिओ मोहिमेने हाच धडा साऱ्या देशाला दिला. १९९५ साली ती सुरू झाली तेव्हापासून 'किती मुलांना डोस पाजले' हा प्रश्न आम्हाला कधीच पुरेसा वाटला नाही. 'किती मुलांपैकी किती' हा खरा प्रश्न होता. कार्यकर्ते घरोघर जात आणि दारावर खडूने खूण करीत. सर्व मुलांना डोस मिळाला तर 'पी', एखादे मूल राहिले किंवा घर बंद असले तर 'एक्स'. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या 'एक्स'च्या घरीच जायचे. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण देशातला नैसर्गिक पोलिओचा अखेरचा ठरला, यामागे लशीइतकाच या खडूच्या खुणेचाही वाटा आहे, असे माझे मत आहे.

हृदयविकाराच्या बाबतीत 'एक्स'ची घरे कोणीच मोजत नाही. माधव नगरात, म्हणजे ज्याला आपण सारे फ्रीगंजच म्हणतो त्या भागात, वर्षाकाठी अनेक आरोग्य शिबिरे होतात. अमुक दोनशे जणांची तपासणी झाली, तमुक इतक्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला, असे वृत्त छापून येते. शिबिरे स्तुत्य आहेत यात शंका नाही. पण हे दोनशे कोणापैकी? शिबिराला येतात ते बहुधा सवड असलेले निवृत्त गृहस्थ, आधीपासून गोळ्या घेणाऱ्या भगिनी आणि प्रकृतीची मुळातच काळजी वाहणारी मंडळी. बेचाळीस वर्षांचा, तंबाखू मळणारा, रजा शिल्लक नसलेला लिपिक त्या वेळी आपल्या टेबलापाशी बसलेला असतो. गणिताच्या भाषेत सांगायचे तर आपल्या हाती अंश येतो, छेद येत नाही. आणि छेदावाचून अपूर्णांक होत नाही.

म्हणूनच जगभरच्या अभ्यासकांनी हृदयविकाराची मोजणी करण्यासाठी नोकरदार वर्ग निवडला. नोकरदाराचे नाव हजेरीपटावर असते. वय, हुद्दा, वेतन, रजा, बदली, मृत्यू यांची नोंद कुठेतरी झालेली असते. छेद आयता मिळतो.

या परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध अभ्यास लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचा. डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. एकाच गाडीवरचे, एकाच वेळापत्रकाचे दोन नोकर : चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढउतार करीत. चालकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक निघाले आणि झटका आला की तो अधिक घातकही ठरे. शारीरिक श्रम हृदयाचे रक्षण करतात, हा विचार तेथून रुजला. पण मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि मला त्यांचा हा पुढचा भागच अधिक भावतो. १९५६ साली त्यांनी याच नोकरांच्या गणवेशांची मापे तपासली. शिंप्याच्या त्या नोंदींत असे दिसले की वाहकांपेक्षा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर मुळातच मोठा होता, नोकरीत नवे असलेल्यांचाही. म्हणजे फरकाचा काही भाग कामामुळे नव्हे, तर त्या कामावर कोण येतो यामुळे होता. आपलाच निष्कर्ष शिंप्याच्या वहीने पडताळून पाहणारा संशोधक विरळा.

लंडनमध्येच १९६७ साली शासकीय नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. साहेब लोकांना ताण फार, म्हणून झटके त्यांनाच अधिक येत असतील, ही तेव्हाची सार्वत्रिक समजूत. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या श्रेणीच्या नोकरांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक निघाले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण आपल्याकडेही पुढे तिचा पडताळा येणार आहे.

आता आपल्या देशाकडे आणि आपल्याच रेल्वेकडे येऊ. उज्जैन स्थानक पश्चिम रेल्वेच्या रतलाम विभागात मोडते आणि आपल्या मराठी कुटुंबांतील कित्येकांच्या मागच्या पिढ्या या रेल्वेच्या सेवेत गेल्या. याच पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय विभागाचे मुंबईतील अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये भारतीय रेल्वेच्या सुमारे साडेअकरा लाख नोकरांचा अभ्यास मांडला. वय १८ ते ५५. १९५८ ते १९६२ या पाच वर्षांत हृदयविकाराने झालेले मृत्यू त्यांनी विभागवार मोजले. संगणक नसताना, टपालाने आलेल्या कागदांवर हे काम झाले, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची थोरवी कळते. निष्कर्ष चकित करणारा होता. दक्षिणेतील नोकरांत हृदयविकाराचे मृत्यू उत्तरेतील पंजाबी नोकरांच्या सुमारे सातपट, आणि मृत्यूसमयीचे सरासरी वय दक्षिणेत ४४, उत्तरेत ५२. उत्तरेचे लोक दूध, दही, तूप कितीतरी अधिक खात असूनही असे का, या कोड्याचे उत्तर मल्होत्रांनी दुग्धजन्य स्निग्ध पदार्थांच्या वेगळ्या गुणधर्मांत शोधले. ते उत्तर सर्वमान्य झाले नाही. तुपाच्या समर्थनार्थ मात्र हा अभ्यास आजही मोठ्या हिरिरीने पुढे केला जातो, आणि तसे करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्यातली मोजणीची पद्धत पाहिलेली असते.

ती पद्धत पाहिली की दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा की मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयविकार' हे कारण कोणी आणि कशाच्या आधारे लिहिले? ज्या काळी लहान गावी हृदयालेख काढण्याचे यंत्र नव्हते, त्या काळी चांगल्या रुग्णालयाजवळ मेलेल्या नोकराचे निदान होई आणि दूरच्या फलाटावर मेलेल्याचे होत नसे. विभागाविभागांतील काही फरक रोगाचा असेल, काही निदानाच्या सोयीचा असेल. दुसरा प्रश्न वयाचा. केंद्रीय नोकरांचे निवृत्तीचे वय १९६२ च्या अखेरीस ५५ वरून ५८ झाले, आणि १९९८ साली ६०. म्हणजे मल्होत्रांच्या वहीत पंचावन्नाव्या वर्षी माणूस हजेरीपटावरून उतरला की तो मोजणीतूनही उतरला. छपन्नाव्या वर्षी आलेला झटका त्यांच्या आकड्यांत कोठेच नाही.

यालाच जोडून रोगपरिस्थितीशास्त्रात 'निरोगी कामगाराचा परिणाम' म्हणून एक संकल्पना आहे. नोकरीवर असलेला वर्ग सर्वसाधारण जनतेपेक्षा नेहमीच धडधाकट भासतो, कारण जो धडधाकट नाही त्याला नोकरी मिळत नाही, आणि मिळाली तरी टिकत नाही. झटका आलेला फिटर हलक्या कामावर जातो, मग दीर्घ रजेवर, मग स्वेच्छानिवृत्तीवर. पुढच्या वर्षी त्या कारखान्यातील हृदयरुग्णांची संख्या एकाने कमी झालेली दिसते. आपल्या उज्जैनच्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा कामगारांची नावे हजेरीपटावरून गेली. त्यांचा रक्तदाब त्यांच्याबरोबर घरी गेला. आज जे कंत्राटी पद्धतीवर काम करतात त्यांचे नाव तर मूळ आस्थापनेच्या हजेरीपटावर कधी चढतच नाही. नोकरदारांत मोजलेला भार हा म्हणूनच नेहमी किमान भार समजावा.

या उणिवा बऱ्याच अंशी दूर करणारा अभ्यास नव्या शतकाच्या आरंभी झाला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. के. श्रीनाथ रेड्डी, डॉ. दोराईराज प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी देशभरातील दहा मोठे उद्योग निवडले, प्रत्येक उद्योग एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जवळचा. या दहांत नागपूर आणि पुणे ही आपली दोन केंद्रे होती. महत्त्वाची गोष्ट अशी की नोकरांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही मोजणीत घेतले, म्हणजे हजेरीपटाच्या पलीकडे पाऊल टाकले. 'जो येईल तो' ही पद्धत सोडून वय आणि लिंग यांनुसार यादृच्छिक निवड केली. सर्व केंद्रांवर एकच प्रश्नावली, एकच मोजमापाची रीत. २० ते ६९ वयाच्या १९,९७३ जणांना प्रश्न विचारले गेले, त्यांपैकी १०,४४२ जणांच्या रक्ताची तपासणी झाली. निष्कर्ष २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या 'बुलेटिन'मध्ये आले. सरासरी वय अवघे ४० असलेल्या या समूहात निम्म्याहून अधिक स्त्री-पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर होते आणि ४०.२ टक्के पुरुष तंबाखूचे कोणते ना कोणते सेवन करीत होते.

पण या साऱ्या आकड्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक जोडी. 'तुम्हाला उच्च रक्तदाब आहे का?' या प्रश्नाला १०.९ टक्के लोकांनी होकार दिला. प्रत्यक्ष मोजमाप केल्यावर तो २७.७ टक्क्यांत निघाला. मधुमेहाचे तसेच : तोंडी ५.३, तपासणीत १०.१.

चारशे नोकर असलेले एखादे कार्यालय कल्पनेत आणू या आणि हेच प्रमाण तेथे लावून पाहू. विचारून मोजले तर रक्तदाबाचे ४४ रुग्ण मिळतील, यंत्र लावून मोजले तर १११. मधली ६७ माणसे आजारी आहेत, पण त्यांना ते ठाऊक नाही, त्यांच्या साहेबांना नाही, त्यांच्या घरच्यांनाही नाही. ती गोळी घेत नाहीत, पथ्य पाळत नाहीत, आणि त्यांच्यावर आजमितीस एक पैसाही खर्च होत नाही. जमाखर्चाच्या वहीत ती सर्वांत स्वस्त माणसे होत. आपल्या गावचे प्रमाण नेमके हेच असेल असा माझा दावा नाही. त्याच अभ्यासात केंद्राकेंद्रांत मोठी तफावत आढळली होती. शिवाय सर्वेक्षणात एका भेटीत मोजलेला वाढीव रक्तदाब म्हणजे त्या व्यक्तीचे पक्के निदान नव्हे, ते पुनःपुन्हा मोजूनच करावे लागते. तरीही न विचारलेल्या प्रश्नाची आणि न लावलेल्या यंत्राची किंमत किती असते, हे या ६७ वरून ध्यानात यावे.

याच माहितीचे दुसरे विश्लेषण २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आले. कमी शिकलेल्या गटात तंबाखूचे सेवन ५६.६ टक्के, उच्चशिक्षितांत १२.५. रक्तदाब अनुक्रमे ३३.८ आणि २२.७ टक्के. व्हाइटहॉलचा पडताळा तो हाच. हृदयविकार हा सुखवस्तूंचा आजार, ही समजूत आपल्या वैद्यकीय वर्तुळातही अजून पुरती गेलेली नाही.

मोजणी नोकरीच्या वयात का करायची, याचे उत्तर नागपूरच्या डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या निबंधात आहे. बावन्न देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांची त्यांनी इतरांशी तुलना केली. पहिल्या झटक्याचे मध्यम वय इतर देशांत सुमारे ५९ वर्षे, आपल्याकडे ५३. मध्यम वय म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्याही आधीचे. मध्य प्रदेश शासनाने २०१८ साली आपल्या नोकरांचे निवृत्तीवय ६२ केले. त्रेपन्नपासून बासष्टपर्यंत नऊ वर्षे होतात. त्या वयात घरातले थोरले मूल साधारण पदवीला आणि धाकटे शाळेच्या शेवटच्या वर्गांत असते. माझ्याकडे लहानपणी लसींसाठी येणाऱ्या मुलांतले काही वडिलांच्या जागी अनुकंपा नियुक्तीवर कारकून म्हणून लागले. त्यांपैकी एकाला अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष सोडावे लागले. कुटुंब तरले, हे खरे. पण सोडलेल्या त्या दुसऱ्या वर्षाची नोंद हृदयविकाराच्या खर्चात कोणत्या रकान्यात करायची?

येथून मोल ठरविण्याचा प्रश्न सुरू होतो, आणि तो भार मोजण्याहून बिकट आहे. सामान्यतः खर्चाचे दोन भाग करतात. प्रत्यक्ष खर्च म्हणजे रुग्णालय, शस्त्रक्रिया, औषधे. अप्रत्यक्ष म्हणजे बुडालेले दिवस, घटलेली कार्यक्षमता, अकाली मृत्यू. प्रत्यक्ष खर्च मोजणे सोपे वाटते, पण तोही स्थिर नसतो. औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत १४ फेब्रुवारी २०१७ रोजी शासनाने २९,६०० रुपयांवर आणली, साध्या स्टेंटची ७,२६० वर; त्याआधी याच वस्तूला लाखाच्या घरात मोजावे लागत. त्यापूर्वीचे सारे हिशेब त्या दिवशी जुने झाले. शिवाय प्रतिपूर्तीच्या देयकात रुग्णालयाचा आकडा दिसतो. रात्री दोन वाजता इंदूरला नेणाऱ्या गाडीचे भाडे, तेथे मुक्काम केलेल्या दोन नातेवाइकांचे जेवण आणि त्यांचीही बुडालेली रोजी दिसत नाही. केरळात हृदयविकाराच्या तीव्र झटक्यातून गेलेल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८४ टक्के कुटुंबांवर आरोग्यखर्च आपत्ती म्हणावी इतका कोसळला होता. आरोग्यव्यवस्था देशात सर्वांत चांगली मानल्या जाणाऱ्या राज्याची ही कथा.

बुडालेल्या दिवसांसाठी आपल्याकडे एक चांगले साधन आहे, पण त्याचा उपयोग फारसा होत नाही. १९४८ च्या कायद्याने जन्मलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळण्याची सोय करण्यात आली, आणि काही दीर्घ आजारांत ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत. या दीर्घ आजारांच्या यादीत हृदयविकाराचे अनेक प्रकार आहेत. म्हणजे प्रत्येक बुडालेल्या दिवसाची, निदानासह आणि रकमेसह, नोंद होते. ती नोंद पैसे अदा करण्यासाठी ठेवली जाते. रोग समजण्यासाठी तिच्याकडे क्वचितच कोणी पाहतो.

अकाली मृत्यूचे मोल काढण्याच्या दोन रीती अर्थशास्त्रज्ञांनी दिल्या आहेत. दरमहा ४०,००० रुपये वेतनाचा एक लिपिक ४८ व्या वर्षी गेला असे समजू. निवृत्तीस १४ वर्षे बाकी होती. पहिल्या रीतीने त्याची उरलेली सारी कमाई धरायची : वेतनवाढ आणि व्याज सोडून देऊनही ६७ लाख २० हजार रुपये. दुसरी रीत म्हणते की त्याच्या जागी दुसरा माणूस येईपर्यंतच काम अडले. चार महिन्यांत जागा भरली तर नुकसान १ लाख ६० हजार. एकाच मृत्यूची दोन मोले, आणि त्यांत बेचाळीस पटींचे अंतर! कोणते खरे? दोन्ही खरीच. दुसरे कार्यालयाच्या दृष्टीने, पहिले त्याच्या पत्नीच्या दृष्टीने. म्हणून 'हृदयविकारामुळे देशाचे इतके कोटी बुडाले' असे वाचले की प्रथम विचारावे, हा हिशेब कोणाच्या घरातून मांडला आहे?

आणि त्या पत्नीलाच झटका आला तर? तिला वेतन नाही, तेव्हा दोन्ही रीतींनी तिच्या मृत्यूचे मोल शून्य येते. निवृत्त वडिलांचेही शून्य. ज्या रीतीने स्वयंपाकघर आणि आजोबा दोन्ही शून्य ठरतात, ती रीत हाताशी ठेवावी पण तिच्यावर विसंबू नये. १९९३ साली जागतिक बँकेच्या अहवालाने रूढ केलेले अपंगत्व-समायोजित आयुर्वर्षांचे मोजमाप मला यासाठी अधिक न्याय्य वाटते, कारण त्यात वर्ष मोजतात, पगार नव्हे. त्यालाही दोष आहेत, पण ते वेगळ्या लेखाचे विषय आहेत.

देशपातळीवरचे आकडे थोडक्यात सांगतो. २००४ साली कोलंबिया विद्यापीठातून आलेल्या एका अहवालाने असा अंदाज दिला होता की ३५ ते ६४ या कमावत्या वयातील माणसांच्या हृदयविकाराच्या मृत्यूंमुळे भारताने २००० साली ९२ लाख आयुर्वर्षे गमावली, आणि २०३० मध्ये हा आकडा १ कोटी ७९ लाखांवर जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली हृदयविकार, पक्षाघात आणि मधुमेह मिळून दहा वर्षांत भारताचे २३७ अब्ज आंतरराष्ट्रीय डॉलर इतके राष्ट्रीय उत्पन्न बुडेल असे अनुमान केले होते. २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या राज्यवार अभ्यासानुसार एकूण मृत्यूंत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा १९९० च्या १५.२ टक्क्यांवरून २०१६ मध्ये २८.१ टक्क्यांवर गेला. हे आकडे भाषणांसाठी उपयुक्त आहेत. आपल्या कार्यालयातला कोण त्या ६७ मध्ये आहे, हे ते सांगू शकत नाहीत.

ज्या दहा उद्योगांचा उल्लेख वर आला, त्यांतील काहींत मोजणीनंतर प्रत्यक्ष उपायही झाले. उपाहारगृहातील मीठ-तेल, तंबाखूबंदी, व्यायाम, भित्तिपत्रके, गटचर्चा आणि धोका अधिक असलेल्यांना व्यक्तिगत सल्ला. सुमारे चार वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा या कारखान्यांतील वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांच्या सरासऱ्या उतरल्या होत्या, आणि जेथे काही केले नव्हते तेथे वाढल्या होत्या. २००९ साली हे प्रसिद्ध झाले. पहिली मोजणी नीट नसती तर या उताराला पुरावा म्हणून कोणी मानले नसते.

माझ्या विषयाशी निगडित एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. नोकरदाराच्या हृदयविकाराची सुरुवात नोकरीत होत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात दिसले की आपली अर्भके इंग्लंडच्या अर्भकांहून पाऊणएक किलो हलकी असूनही चरबीचे प्रमाण राखून असतात. स्नायू कमी, मेद टिकलेला. अशी बाळे पुढे मधुमेह आणि हृदयविकाराकडे अधिक झुकतात. दुसरे असे की वडिलांना ५५ च्या आत किंवा आईला ६५ च्या आत झटका आला असेल, तर त्यांच्या मुलांचे कोलेस्टेरॉल बालपणीच तपासावे, असा बालरोगशास्त्राचा स्पष्ट सल्ला आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढविणारा आनुवंशिक दोष साधारण अडीचशे-तीनशेंत एकाला असतो. त्यामुळे रुग्ण रुग्णालयातून घरी सोडताना, मुले किती आणि त्यांची वये काय, हे सहकारी मित्रांनी कृपया विचारावे. माझ्याकडे या कारणासाठी पाठविलेले मूल मला अजून फारच क्वचित दिसते.

आता आपल्या संस्थेला काय करता येईल ते लिहितो. आपल्या समाजातील मंडळी शाळा, बँका, वीज मंडळाची कार्यालये, रेल्वे आणि न्यायालय यांत विखुरलेली आहेत. शिबिर भरविण्याऐवजी एकच मध्यम आकाराचे कार्यालय किंवा शाळा घ्यावी, जेथील प्रमुखाची संमती असेल. प्रथम हजेरीपटावरून संपूर्ण यादी उतरून घ्यावी. सफाई कामगार, पहारेकरी आणि कंत्राटावरची माणसे हजेरीपटावर नसली तरी यादीत असलीच पाहिजेत. प्रत्येकाचा रक्तदाब पाच मिनिटे स्वस्थ बसवून, योग्य मापाचा पट्टा बांधून दोनदा घ्यावा. वाढलेला निघाला तर वेगळ्या दिवशी पुन्हा. वजन, कमरेचा घेर, तंबाखू, उपाशीपोटी साखर, आईवडिलांचा इतिहास आणि मागील वर्षात आजारपणाने बुडालेले दिवस, एवढे पुरे आहे. मोजण्याआधी 'तुम्हाला रक्तदाब आहे का' हे विचारून उत्तर लिहून ठेवावे, म्हणजे आपल्या गावची तोंडी आणि खरी आकड्यांची जोडी आपल्याला मिळेल. व्यक्तीचे आकडे त्या व्यक्तीलाच द्यावेत, साहेबांना फक्त एकूण बेरीज. ही अट लेखी असल्याशिवाय काम सुरू करू नये, नाहीतर फिटर आपला झटका लपवील आणि ते स्वाभाविकच होईल.

जो त्या दिवशी आला नाही त्याच्या नावापुढे 'एक्स' लिहावा आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या टेबलापाशी जावे. यादीतील जे दरम्यान निवृत्त होतील, त्यांची पाने वहीतून काढू नयेत; किमान पाच वर्षे त्यांच्या घरी जाऊन नोंद चालू ठेवावी. या कामासाठी दोन यंत्रे, एक वजनकाटा, एक टेप, रक्ततपासणीचा बेताचा खर्च आणि आठवड्यातून दोन दुपारी देणारे चार डॉक्टर लागतील. वजनकाटा मी देतो, आणि एक दुपारही.